समाजाभिमुख माध्यमिक शाळेची मूल्ये : भिंतीवरची आणि वेळापत्रकातली

दुसरी तासिका

नमस्कार. मी ज्या माध्यमिक शाळेत शिकवते, तिच्या मार्गदर्शक मूल्यांचा मसुदा तयार करण्याचे काम पाच जणांच्या समितीकडे आले असून तिची निमंत्रक मी आहे. शाळा स्वतःला समाजाभिमुख म्हणवते, म्हणजे परिसरातील लोकांशी नाते ठेवणे हा आपल्या शिकवण्याचाच भाग आहे असे मानते. पहिल्या बैठकीत तासाभरात अकरा शब्द जमले: आदर, प्रामाणिकपणा, जबाबदारी, सहकार्य, करुणा, समता, सेवा, जिज्ञासा, शिस्त, चिकाटी आणि कृतज्ञता. एकाही शब्दाला कोणी हरकत घेतली नाही आणि नेमके तेच मला खटकले. ज्या शब्दांवर पाच माणसांत दोन मिनिटेही वाद होत नाही, त्या शब्दांमुळे उद्या एखादा निर्णय अडेल किंवा बदलेल, यावर विश्वास बसणे कठीण आहे.

म्हणून घरी आल्यावर मी उलट्या बाजूने सुरुवात केली. गेल्या वर्षभरात शाळेने घेतलेले दहा निर्णय आठवून लिहून काढले आणि त्या प्रत्येकातून कोणते मूल्य दिसते, ते पुढे नोंदवण्याचा प्रयत्न केला. सहा निर्णयांमागे निकाल चांगला लागावा एवढेच कारण होते, तर तीन निर्णय कोणाची तक्रार येऊ नये म्हणून घेतलेले होते. उरलेला एक निर्णय म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या वाचनगटाला सुटीच्या दिवशी ग्रंथालयाची किल्ली देणे. त्यात मात्र मला अकरांपैकी दोन-तीन शब्द सापडले. यावरून शाळा वाईट आहे असे मी म्हणत नाही. शाळेची खरी मूल्ये आधीच ठरलेली आहेत आणि ती आमच्या यादीत नाहीत, एवढेच मला दिसले.

मूल्य म्हणून काय लिहावे, किती लिहावे आणि लिहिलेले पाळले जात आहे की नाही हे कशावरून ओळखावे, याबद्दल ज्यांनी असे काम केले आहे किंवा त्याचा भोग भोगला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त फळा

ताई, आपला दहा निर्णयांचा प्रयोग मला अतिशय आवडला. मी नऊ वर्षे मुख्याध्यापक होतो आणि त्या काळात दोनदा मूल्यांची यादी लिहिली. पहिली यादी मी कविता लिहावी तशी लिहिली होती. दुसऱ्या वेळी एकच कसोटी लावली: ज्यासाठी शाळा आपल्या हातातले काहीतरी सोडायला तयार आहे, तेच मूल्य. शाळेच्या हातात असते तरी काय? वेळापत्रकातील तासिका, गुणपत्रकावरचे आकडे, थोडाफार पैसा आणि मोठ्यांचा अधिकार. यांपैकी काहीच सोडावे लागत नसेल, तर तो शब्द शोभेचा आहे असे खुशाल समजावे.

एक उदाहरण देतो. 'आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला ओळखतो' हे वाक्य बहुतेक शाळांच्या माहितीपत्रकात असते. अमेरिकेत थिओडोर सायझर यांनी 1984 मध्ये समविचारी माध्यमिक शाळांचे एक संघटन उभे केले. त्याच्या तत्त्वांमध्ये हेच वाक्य वेगळ्या रूपाने आले आणि त्याला एक आकडा जोडला गेला: माध्यमिक स्तरावर एका शिक्षकाकडे एकूण 80 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष जबाबदारी नसावी. आकडा आला की हिशेब आला. एवढे कमी विद्यार्थी द्यायचे तर एकाच शिक्षकाला दोन विषय शिकवावे लागतात, ऐच्छिक विषय कमी करावे लागतात आणि काही पालकांची नाराजी पत्करावी लागते. 'ओळखणे' या साध्या क्रियापदाची ती किंमत आहे. मी स्वतः 80 पर्यंत कधीच पोहोचू शकलो नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु आकडा समोर असल्यामुळे आपण किती दूर आहोत ते कळत होते आणि खोटे लिहिण्याची लाज वाटत होती.

ग्रंथपाल

या विषयावरचा एक जुना अभ्यास येथे उपयोगी पडेल. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी 1920 च्या दशकात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर प्रयोग केले. परीक्षेत उत्तरे बदलण्याची संधी, खेळात खोटे बोलण्याची संधी, पैसे खिशात घालण्याची संधी अशा वेगवेगळ्या प्रसंगांत मुले कशी वागतात, हे त्यांनी पाहिले. प्रामाणिक मुले आणि अप्रामाणिक मुले असे दोन स्पष्ट गट काही सापडले नाहीत. एके ठिकाणी खरे वागणारे मूल दुसरीकडे लबाडी करत होते. प्रामाणिकपणाचे धडे ऐकल्याने वागण्यात म्हणावा तसा फरकही दिसला नाही. फरक दिसत होता तो प्रसंगामुळे, आणि वर्गाच्या वातावरणामुळेही: आजूबाजूची मुले कशी वागतात आणि शिक्षकांशी त्यांचे नाते कसे आहे, याला महत्त्व होते.

हा अभ्यास प्रसिद्ध होऊन जवळजवळ शंभर वर्षे होत आली, त्यावर टीकाही पुष्कळ झाली, परंतु मूल्यांचा मसुदा लिहिणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी असे वाटते. 'आमचा विद्यार्थी प्रामाणिक असेल' या वाक्यात सगळा भार मुलावर टाकला जातो. 'मुलाला कॉपी करण्याची गरज वाटणार नाही अशी परीक्षा आम्ही घेऊ' असे लिहिले, तर तोच भार शाळेवर येतो. ताईंच्या अकरा शब्दांकडे या दृष्टीने पाहावे. ते सगळे शब्द मुलांना उद्देशून आहेत. शाळा स्वतः कशी वागेल हे सांगणारा त्यात एकही शब्द नाही.

वादी-प्रतिवादी

मला मुळात 'सेवा' या शब्दाबद्दल शंका आहे. सेवा सक्तीची केली की ती सेवा राहत नाही, आणि ऐच्छिक ठेवली तर ज्यांच्या घरी आधीपासून संस्कार आहेत तीच मुले ती करतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने 1992 मध्ये माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण होण्यासाठी सेवेची अट घातली. 75 तासांचे सेवाकार्य, किंवा त्याऐवजी स्थानिक शिक्षण यंत्रणेने आखलेला कार्यक्रम. संपूर्ण राज्याला अशी अट घालणारे ते पहिले राज्य होते. हेतू उत्तमच होता. परंतु आर्थर स्टूकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवून दिले की, आपल्यावर हे लादले जात आहे असे ज्यांना वाटते, त्यांची पुढे स्वेच्छेने काम करण्याची इच्छा सक्तीमुळे कमी होऊ शकते. मग समाजाभिमुख शाळेने करायचे काय? तास मोजायचे की सोडून द्यायचे? मी वकिली करतो, म्हणून सांगतो की ज्या नियमाचे पालन केवळ सहीने सिद्ध होते, त्या नियमात खोट्या सह्या होणारच.

शेवटचा बाक

वादी-प्रतिवादी यांनी सह्यांचा उल्लेख केला, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मी अशाच एका शाळेत शिकलो आहे. नाव सांगत नाही, कारण तेथील शिक्षक माणसे म्हणून चांगले होते. आम्हाला वर्षभरात ठरावीक तासांची सेवा करून वहीत नोंद करावी लागे. एका वर्षी आमच्या तुकडीने एका वृद्धाश्रमाच्या कुंपणाची भिंत रंगवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीने तीच भिंत रंगवली. तेथील एका आजोबांनी मला सहज विचारले की, "तुमच्याकडे रंग फार झाला आहे का?" ते रागावून बोलले नव्हते. त्यांना खरोखरच कुतूहल वाटत होते. आम्ही तीन तास तेथे होतो आणि त्या तीन तासांत तुम्हाला काय हवे आहे असे त्यांच्यापैकी कोणालाही विचारले गेले नव्हते. वहीत माझे तीन तास जमा झाले.

आजही 'सेवा' हा शब्द वाचला की मला ओल्या रंगाचा वास येतो. त्या कामातून मी काही शिकलोच नाही असे नाही. एवढेच शिकलो की मोजली जाणारी गोष्ट लवकर उरकावी.

ग्रंथपाल

शेवटचा बाक, आपला अनुभव वाचून मला लिओनार्ड कोव्हेलो आठवले. न्यूयॉर्कच्या पूर्व हार्लेम भागात 1934 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूल सुरू झाले आणि 1956 पर्यंत कोव्हेलो त्याचे मुख्याध्यापक होते. ते स्वतः इटलीतून लहानपणी आलेले स्थलांतरित होते. वस्तीतील बहुसंख्य कुटुंबेही स्थलांतरितांची होती आणि शाळा म्हणजे आपल्या मुलांना आपल्यापासून तोडणारी संस्था, अशी भावना अशा घरांमध्ये असते हे त्यांना स्वानुभवाने माहीत होते. त्यांनी शाळेचे काम शाळेच्या इमारतीबाहेर नेले. रस्त्यावरच्या रिकाम्या गाळ्यांमध्ये वस्तीसाठी वाचनालयासारखी केंद्रे चालवली. विद्यार्थी आणि शिक्षक वस्तीचा अभ्यास करत: कोण कोठे राहते, घरांची स्थिती काय आहे. चांगल्या घरांसाठी वस्तीने जी मोहीम उभी केली, तिच्यात शाळेचा मोठा वाटा होता.

येथे सेवा आणि अभ्यास हे दोन वेगळे विषय राहिले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. घरांची पाहणी करणारा विद्यार्थी त्याच वेळी गणित, भाषा आणि नागरिकशास्त्र शिकत होता आणि त्याच्या कामाचा वस्तीला उपयोग होत होता. त्याने किती तास दिले, हा प्रश्नच गौण ठरतो. वादी-प्रतिवादी यांच्या शंकेला माझे उत्तर असे आहे की सक्ती अभ्यासाची असावी, ती तर शाळेत असतेच. फक्त त्या अभ्यासाचा विषय परिसरातून यावा आणि तो निवडताना परिसरातील माणसे समोर बसलेली असावीत.

जाता जाता आणखी एक नोंद. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी 1924 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार 1930 मध्ये सॉस्टन येथे पहिले ग्राम महाविद्यालय सुरू झाले. नाव महाविद्यालयाचे असले तरी ती मुलांची माध्यमिक शाळाच होती आणि त्याच आवारात प्रौढांचे वर्ग, ग्रंथालय आणि सभागृह होते. 'समाजासाठी खुली शाळा' हे मूल्य तेथे वास्तुविशारदाच्या आराखड्यातच उतरले होते. ताई, आपल्या त्या ग्रंथालयाच्या किल्लीचे नाते याच्याशी आहे.

वादी-प्रतिवादी

ग्रंथपाल यांचे उत्तर मला पटले, परंतु पूर्ण नाही. कोव्हेलो यांच्यासारखा माणूस वीस-बावीस वर्षे एका जागी बसला तर हे होते. मूल्यांचा दस्तऐवज लिहिण्याचा हेतूच मुळी असा असतो की तसा माणूस नसतानाही शाळा बरी चालावी.

निवृत्त फळा

हा मुद्दा नाकारता येत नाही. माझ्यानंतर आलेल्या मुख्याध्यापकांनी माझी दुसरी यादी काढून पहिली पुन्हा लावली. ती वाचायला गोड होती.

पालक क्रमांक दोन

मी शिक्षिका नाही, त्यामुळे थोडे वेगळे लिहिते. 'करुणा' हा शब्द शाळांच्या मूल्यांमध्ये आला की मला एक धास्ती वाटते. माझ्या मुलीला आठवीत असताना वर्गातील काही मुली सतत त्रास देत होत्या. शाळेने शिक्षा करण्याऐवजी सर्वांना गोल बसवले आणि एकमेकींच्या भावना समजून घ्या असे सांगितले. माझ्या मुलीला तेथे, त्याच मुलींसमोर, आपल्याला किती वाईट वाटले ते सांगावे लागले. दुसऱ्या दिवसापासून ते सांगणेच चेष्टेचा विषय झाले. करुणा सर्वांना समान वाटली गेली आणि जिला तिची गरज होती तिच्या वाट्याला कमी आली. शिस्त हा शब्द आजकाल जुनाट वाटतो हे मला माहीत आहे. परंतु ज्या मुलाला भीती वाटते, त्याला शिस्तीचा आधार वाटतो, हेही लिहिले जावे.

कंपासपेटी

आपल्या मुलीला जे सोसावे लागले ते वाचून वाईट वाटले. मी गणित शिकवते आणि आमच्या शाळेत ही पद्धत गेली चार वर्षे वापरली जात आहे, त्यामुळे यावर जरा विस्ताराने लिहिते. ज्याला पुनर्स्थापक पद्धत म्हणतात, तिची मांडणी अशी आहे की गुन्हा म्हणजे केवळ नियमभंग नसतो, तो कोणावर तरी झालेला आघात असतो. त्यामुळे कोणाचे नुकसान झाले, त्याला आता काय हवे आहे आणि ते भरून देण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आधी विचारावेत. हॉवर्ड झेर यांनी 1990 मध्ये ही मांडणी न्यायव्यवस्थेच्या संदर्भात केली. शाळेत अशी बैठक घेण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातील आहे. मारूचीडोर येथील सरकारी माध्यमिक शाळेत 1994 मध्ये मारहाणीच्या एका प्रसंगानंतर मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी ती घेतली.

या पद्धतीत सर्वांत जास्त वेळ बैठकीच्या आधी जातो, ही गोष्ट बहुतेक शाळा विसरतात. ज्याला त्रास झाला त्याच्याशी वेगळे बोलायचे, त्याला समोरासमोर बसायचे आहे की नाही हे विचारायचे, नाही म्हटले तर तो विषय तेथेच थांबवायचा. ज्याने त्रास दिला त्याच्याशीही वेगळे बोलायचे आणि तो आपले कृत्य मान्य करत नसेल तर बैठक घ्यायचीच नाही. एका बैठकीसाठी आमचे सहा ते आठ तास सहज जातात. आपल्या मुलीच्या शाळेने तयारी गाळून फक्त शेवटचा भाग केला, आणि तो सर्वांत धोकादायक भाग आहे.

यश किती मिळते हे विचाराल, तर उत्तर संमिश्र आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात 44 शाळांमध्ये दोन वर्षे यादृच्छिक निवडीने प्रयोग झाला आणि रँड या संशोधन संस्थेने त्याचे निष्कर्ष 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध केले. निलंबनाचे दिवस कमी झाले आणि शाळेचे वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. परंतु सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची अभ्यासातील कामगिरी घसरली आणि वर्गातील वातावरण सुधारले असे विद्यार्थ्यांना स्वतःला वाटले नाही. मी या पद्धतीच्या बाजूची आहे, तरीही हे निष्कर्ष आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवले. एक सहकारी म्हणाले की मग कशाला करायचे? मी म्हटले, निलंबित मूल घरी बसून तरी काय शिकत होते, याचा अभ्यास आपण कधी केला आहे का? वाद अजून मिटलेला नाही.

म्हणूनच आमच्या मसुद्यात आम्ही 'करुणा' हा शब्द ठेवला नाही. त्याऐवजी असे लिहिले आहे: 'ज्याचे नुकसान झाले आहे त्याचे म्हणणे प्रथम आणि खासगीत ऐकले जाईल.' हे वाक्य रूक्ष आहे, परंतु पालक त्यावर बोट ठेवून जाब विचारू शकतात.

पालक क्रमांक दोन

खासगीत, हा एक शब्द आमच्या वेळी असता तर पुष्कळ काही वेगळे झाले असते. आपले आभार.

दुसरी तासिका

चर्चा अपेक्षेपेक्षा खोल गेली आहे. मात्र निवृत्त फळा सरांनी सोडण्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी अधिकाराबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. आमच्या समितीत एकही विद्यार्थी नाही. मी तो प्रश्न उपस्थित केला तेव्हा 'त्यांची मते प्रश्नावली देऊन घेऊ' असे उत्तर मिळाले.

ग्रंथपाल

प्रश्नावली या शब्दावरून रॉजर हार्ट यांची शिडी आठवली. युनिसेफसाठी 1992 मध्ये लिहिताना त्यांनी मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या दाखवल्या आणि खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच नकार दिला: मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे. आपल्या समितीची प्रश्नावली कोणत्या पायरीवर आहे, हे उत्तरांचे पुढे काय होणार यावर ठरेल. उत्तरे वाचून काय बदलले आणि काय का बदलले नाही, हे विद्यार्थ्यांना कळवणार असाल तर ती बरीच वर जाते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण लॉरेन्स कोलबर्ग यांचे. नैतिक विकासाच्या टप्प्यांचा सिद्धान्त मांडणाऱ्या कोलबर्ग यांनी 1974 मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे सरकारी हायस्कूलच्या अंतर्गत एक छोटी शाळा सुरू करण्यास मदत केली. तेथे आठवड्याला सर्वांची सभा होई आणि विद्यार्थी असो वा शिक्षक, प्रत्येकाला एकच मत असे. सुरुवातीच्याच एका सभेत विद्यार्थ्यांनी दुपारचे वर्ग ऐच्छिक करण्याचा ठराव बहुमताने मंजूर केला आणि ते निघालेही. मग हे केवळ अंदाज घेण्यापुरते मतदान होते, असे सांगून मोठ्यांना त्यांना थांबवावे लागले. लोकशाहीच्या प्रयोगाची ही सुरुवात हास्यास्पद वाटेल. परंतु पुढे तेथेच एका मुलीचे पैसे चोरीला गेले, तेव्हा सर्वांनी थोडी थोडी रक्कम काढून ती भरपाई करावी असा निर्णय सभेने घेतला. चोरी ही चोराची आणि जिचे पैसे गेले तिची खासगी बाब न राहता सर्वांची झाली. मधल्या काळात किती कंटाळवाण्या सभा झाल्या असतील याची कल्पना करावी. त्या सभांचा वेळ हीच त्या निर्णयाची किंमत. ती शाळा काही वर्षांतच बंद झाली, हेही लिहिले पाहिजे.

कंपासपेटी

पोलंडमधील डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ यानुश कोरचाक यांचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाही, जरी त्यांची संस्था शाळा नसून अनाथालय होती. वॉर्सा येथे 1912 मध्ये सुरू झालेल्या त्या घरात मुलांचे न्यायालय होते, न्यायाधीश मुलेच असत. त्यांच्या संहितेतील पहिली 99 कलमे तक्रार मागे घेणे, निर्दोष ठरवणे किंवा क्षमा करणे यांविषयीची होती. दोष ठरवणारी कलमे त्यानंतर सुरू होत. कोरचाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून, एकदा एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून.

शिक्षकांवर विद्यार्थ्यांना दाद मागता येईल अशी कोणती जागा आमच्या शाळेत आहे, असे मी एकदा विचारले होते. तक्रारपेटी आहे, असे सांगण्यात आले. तिची किल्ली कोणाकडे असते ते मात्र दोन दिवस कोणालाच आठवले नाही.

निवृत्त फळा

अधिकाराबद्दल बोलताना आपण फक्त विद्यार्थी आणि शिक्षक यांच्याबद्दल बोलत आहोत. शाळेत तिसरी माणसेही असतात. शिपाई, सफाई करणारे, प्रयोगशाळेतील परिचर आणि कार्यालयातील लिपिक यांना विद्यार्थी काय म्हणून हाक मारतात, एवढे एक पाहिले तरी 'आदर' या मूल्याची परीक्षा होते. माझ्या शाळेत विद्यार्थी शिक्षकांना 'सर' म्हणत आणि माझ्या वयाच्या शिपायांना नुसत्या नावाने हाक मारत. कारण शोधायला दूर जावे लागले नाही; आम्ही शिक्षक त्यांना तशीच हाक मारत होतो. मुलांवर काहीही न लादता आधी शिक्षकांच्या बैठकीत 'काका' आणि 'मावशी' म्हणायचे ठरवले. दोन महिन्यांत मुलांचे बोलणे बदलले.

श्रमाला प्रतिष्ठा म्हणजे काय, हे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांनी दाखवले असेल. त्यांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असे आहे, आणि 'कमवा आणि शिका' ही योजना त्याच ब्रीदाचे प्रत्यक्षातले रूप होती. निरनिराळ्या जातींची मुले एका वसतिगृहात राहत आणि तेथील कामे स्वतः करत. समता हा शब्द कोणाला समजावून सांगण्याची तेथे गरज नव्हती, कारण कामाची पाळी जात पाहून लागत नसे. आपल्या शाळांनी त्यांची नक्कल करावी असे मी म्हणत नाही. वर्ग झाडण्याचे काम शिक्षा म्हणून द्यायचे आणि परिपाठात श्रमप्रतिष्ठेवर बोलायचे, हा विरोध जरी थांबला तरी पुरे आहे.

शेवटचा बाक

सर, वर्ग झाडण्याची शिक्षा मला तीनदा झाली होती. तिसऱ्या वेळी मावशींनी माझ्या हातातून झाडू काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुला नीट येत नाही, मला पुन्हा झाडावे लागते."

वादी-प्रतिवादी

मूल्यमापनाबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून विचारतो. शाळेने 'सहकार्य' लिहिले आणि गुणानुक्रम फलकावर लावला, तर विद्यार्थी कशावर विश्वास ठेवतील?

कंपासपेटी

फलकावर. यात शंकाच नाही. मूल्यांना गुण देण्याचा उपायही मी पाहिला आहे. प्रगतिपुस्तकात सहकार्यासाठी श्रेणी येते आणि शांत बसणाऱ्या मुलांना ती वरची मिळते. वेगळी वाट हवी असेल तर डेबोरा मायर यांनी 1985 मध्ये पूर्व हार्लेममध्येच सुरू केलेल्या माध्यमिक शाळेकडे पाहावे. तेथे उत्तीर्ण होण्यासाठी विद्यार्थ्याला 14 कार्यसंग्रह, म्हणजे आपल्या कामाचे निवडक संच, तयार करावे लागत आणि त्यांतील काही एका समितीपुढे मांडून त्यांचा बचाव करावा लागे. प्रत्येक कामाला पाच प्रश्न विचारले जात: पुरावा काय, हे कोणाच्या नजरेतून सांगितले आहे, याचा दुसऱ्या कशाशी संबंध आहे, गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या तर, आणि याचे महत्त्व कोणाला. मला या पाच प्रश्नांचे आकर्षण वाटते ते अशासाठी की ते गणितालाही लागू पडतात आणि शाळेच्या मूल्यांच्या मसुद्यालाही. ताई, आपल्या अकरा शब्दांना 'पुरावा काय' हा एकच प्रश्न विचारून पाहा.

दुसरी तासिका

विचारला. काल समितीची दुसरी बैठक झाली आणि ती पहिल्यापेक्षा दुप्पट लांबली. अकरा शब्द फळ्यावर लिहून, प्रत्येकासाठी शाळा काय सोडणार हे सांगता आले नाही तर तो शब्द पुसायचा, असे ठरवले. कृतज्ञता आणि चिकाटी लगेच गेले. जिज्ञासेसाठी आठवड्याची एक तासिका परिसर-अभ्यासाला देण्याची तयारी विज्ञानाच्या शिक्षकांनी दाखवली, म्हणून तो शब्द राहिला आणि सेवा त्यातच विलीन झाली. विषय ठरवताना परिसरातील किमान दोन माणसे बैठकीला असावीत अशी अट घातली आहे. आदराच्या जागी हाक मारण्याबद्दलचे एक साधे वाक्य आले. करुणा आणि शिस्त हे दोन्ही शब्द काढून, कंपासपेटी यांची परवानगी गृहीत धरून, त्यांचे 'प्रथम आणि खासगीत' हे वाक्य घेतले.

सहकार्यावर मात्र गाडी अडली. गुणानुक्रमाचा फलक काढावा असे दोघांचे मत आहे, दोघांचा ठाम विरोध आहे आणि पाचवे मत माझे आहे. विरोध करणाऱ्यांपैकी एकांचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही: ज्या मुलांना घरी कोणी शाबासकी देत नाही, त्यांचे नाव कोठे तरी मोठ्या अक्षरांत लागलेले दिसते ते याच फलकावर. हा मुद्दा मतदानाने निकालात काढणे मला योग्य वाटले नाही. विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी पुढील बैठकीला बोलवावेत, त्यांना आमच्याइतकेच एक-एक मत असावे आणि फलकाचा विषय तोपर्यंत राखून ठेवावा, असे मी सुचवले. मुख्याध्यापकांनी प्रतिनिधी बोलावण्यास होकार दिला आहे. मताबद्दल सोमवारी सांगतो म्हणाले.